उजळून राहिलेला चौकोन

या, थोडं जवळ सरकून बसा. भिंतीला टेकून बसलेत त्यांनीही पुढे या. ही गोष्ट आवाज चढवून सांगता येत नाही. एका बहिणीची आणि तिच्या पाठच्या भावाची गोष्ट आहे. हसू येईल तिथे खुशाल हसा, ती दोघंही पुष्कळ हसली होती. पुढचं ऐकायला मात्र मन जरा घट्ट करावं लागेल.

वेबची पानं मोबाइलवर नीट चालतात की नाही ते बघायचं आणि चालत नसतील तर दुरुस्त करायची, हे धाकट्याचं पोटापाण्याचं काम. तिसऱ्या मजल्यावर लांबट खोली, खिडकीखाली टेबल आणि टेबलाच्या खणात नऊ जुने मोबाइल आणि पाटीएवढा एक टॅब, काहींच्या काचा तडकलेल्या. पान तयार झालं की तो एकेक मोबाइल काढायचा आणि स्वतःच्या बोटाने दाबून बघायचा. बोट टेकलं की बटण गडद झालं पाहिजे, उचललं की पहिल्यासारखं झालं पाहिजे. तेवढ्या क्षणभराच्या गडद होण्यात सगळं आहे, असं तो नव्याने कामाला लागलेल्यांना सांगायचा. हाक मारल्यावर समोरच्याने ओ द्यावी, तसं ते असतं. ओ आली नाही तर माणूस पुन्हा हाक मारतो, मग ओरडतो, मग उठून निघून जातो.

त्याचा दुसरा एक नियम होता आणि त्या नियमावरून ऑफिसात त्याला पाठीमागे सासूबाई म्हणत. नियम असा, की ब्राउझरला कधी नाव विचारायचं नाही. पान उघडलं की ब्राउझर आपण कोण ते सांगतो, पण ते खरं असेलच असं नाही. मोठ्या संगणकावरची ऐसपैस पानं आपल्यालाही मिळावीत म्हणून कितीतरी टॅब आपण संगणकच आहोत असं बेधडक ठोकून देतात. तेव्हा नाव विचारू नका, हात कसले आहेत ते विचारा. बोटाने चालतोस की माऊसने, एवढंच. कुणी चुकून नाव विचारलेलं सापडलं की धाकटा त्या माणसाच्या खुर्चीमागे उभा राहून कीर्तन लावायचा, आणि ते लवकर संपायचं नाही.

आता ताई. ताई त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता, तेव्हापासून त्याचं नाक पुसण्यापासून त्याच्या लग्नापर्यंत सगळं तिनेच केलं. शिवणकाम करायची. शाळांचे गणवेश, बँकवाल्यांचे कोट. कापडावरून नुसतं बोट फिरवलं की कुठे धागा ओढला गेलाय ते तिला कळायचं. लहानपणी हा तिच्या मशीनखाली बसून पायडलशी काहीतरी खाटखुट करत राहायचा, म्हणून ती त्याला खुडबुड्या म्हणायची. त्याच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, डोक्यावरचे निम्मे केस गेल्यावरही, ती त्याला खुडबुड्याच म्हणायची, आणि ते त्याच्या बायकोमुलांसमोर.

मग देवाला काय वाटलं कुणास ठाऊक. त्या बाईला असा आजार आला की एकेक स्नायू विझत जातो, घरातले दिवे एकामागून एक कुणीतरी मालवत जावं तसा. पहिला गेला आवाज. मग पाय, मग डावा हात, मग मानेतला जोर. चेहराही तिच्या ताब्यात राहिला नाही. या आजारात माणूस काही कारण नसताना हसतो, काही कारण नसताना रडतो, पापण्या जड होऊन मिटतात, आणि बघणाऱ्याला त्यातलं खरं कुठलं ते सांगता येत नाही. उरलं होतं उजव्या हाताचं पहिलं बोट. बुद्धी मात्र लख्ख होती, कात्रीच्या पात्यासारखी.

धाकट्याने एका रविवारी बसून तिच्यासाठी एक पान बनवलं. पानावर सोळा चौकोन, प्रत्येकावर ठळक अक्षरं. चौकोन दाबला की तो उजळायचा आणि टॅब ते शब्द मोठ्याने बोलायचा. पाणी. कूस बदला. खाज सुटलीय. दिवा बंद करा. खाली कोपऱ्यात, तिच्या बोटाला जवळ पडावेत असे, हो आणि नाही. टॅब होता भाऊजींचा, म्हणजे ताईच्या नवऱ्याचा, त्यांच्या जुन्या ऑफिसातला. ताईने एकेक अक्षर दाखवत दोन चौकोन स्वतः सांगून घातले. एक म्हणजे "खुडबुड्याला बोलवा". दुसरा भाऊजींसाठी, "घोरू नका". पहिल्याच दिवशी तिने तो दुसरा चौकोन सलग पाच वेळा दाबला. भाऊजी म्हणाले, वीस वर्षं हिने तोंडाने सांगितलं, आता यंत्राकडून सांगते, पण मुद्दा तोच. त्या दिवशी घर हसलं होतं.

कुठले चौकोन ती जास्त वापरते ते कळावं, म्हणजे ते बोटाजवळ आणता येतील, म्हणून धाकट्याने आणखी एक सोय केली. पानावर बोट कधी टेकलं, कुठे टेकलं, किती वेळ टेकलं, याची नोंद आपोआप होत राहील अशी. पुढे ती नोंद उघडून बघायची मात्र राहून गेली. घरचं काम होतं ना.

घरचं काम होतं, म्हणूनच त्या रविवारी त्याने ब्राउझरला नाव विचारलं. एका ओळीत काम होत होतं, ताई वाट बघत होती, आणि ऑफिसातली सासूबाई रविवारी सुट्टीवर होती असं म्हणा. पानाने टॅबला विचारलं, तू कोण? टॅब म्हणाला, संगणक. पानाने त्याला माऊसवाल्यांसाठीची तऱ्हा दिली. माऊसचा बाण चौकोनावर आला की चौकोन उजळतो, बाण हलला की विझतो. पण बोटाला बाण कुठला? बोट टेकून उचललं की बाण तिथेच सोडून दिलाय असं ब्राउझर धरून चालतो, आणि तो चौकोन उजळलेलाच राहतो, पुढचा चौकोन नीट दाबला जाईपर्यंत. आणि नीट म्हणजे झटकन. बोट जास्त वेळ टेकून राहिलं तर ते दाबणं नव्हे, नुसतं धरून ठेवणं, असं मानून ब्राउझर तो स्पर्श सोडून देतो. काही उजळत नाही, काही बोलत नाही.

धाकट्याने पान आपल्या मोबाइलवर तपासलं. आपल्या बोटाने. मोबाइलने आपलं नाव खरं सांगितलं, तिथे सगळं छान चाललं.

ताईचं बोट दिवसेंदिवस जड होत गेलं. एखादा चौकोन दाबला तरी बोलायचा नाही. मग ती धाकट्याकडे एकटक बघत राहायची, आणि हा म्हणायचा, "ताई, अगं नीट दाब की. गणवेशाला काज करताना बरी घाई असायची तुला." ती हसायची. किंवा आजार हसायचा.

हिवाळ्यात श्वास कमी पडू लागला आणि तिला दवाखान्यात ठेवलं. दोन खाटांची खोली होती. शेजारच्या खाटेवरच्या बाईंना झोप लागावी म्हणून नर्सने टॅबचा आवाज बंद करायला सांगितला होता. त्यामुळे तिथे ताई काय म्हणते ते उजळलेल्या चौकोनावरूनच बघायचं. एके दिवशी दुपारी मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या. म्हणाल्या की एक निर्णय आता व्हायला हवा आणि तो पेशंटचा स्वतःचा हवा. श्वास अजिबात पुरेनासा झाला तर गळ्याला छेद देऊन नळी घालायची आणि कायम मशीनवर ठेवायचं, की नाही? तसं जगणं सोपं नाही, पण काही जण वर्षानुवर्षं जगतात, नातवंडं बघतात. काही जणांना ते नको असतं. दोन्ही बरोबर. आत एकच नातेवाईक चालेल म्हणाल्या, तेव्हा भाऊजी आत गेले आणि धाकटा बाहेरच्या बाकावर बसला.

त्या बाईंची एक पद्धत होती, आणि चांगली पद्धत होती. खऱ्या प्रश्नाआधी त्या एक खोटा प्रश्न विचारत, ज्याचं उत्तर नाही असंच येणार. कारण ज्याला समजत नाही तो सगळ्याला हो म्हणतो. त्यांनी विचारलं, "या खोलीत घोडा आहे का?" ताईने अंगातला सगळा जोर गोळा करून बोट पुढे नेलं आणि झटकन दाबलं. नाहीचा चौकोन उजळला. बाई हसल्या, भाऊजी हसले, हसण्याचा आवाज बाहेर बाकापर्यंत आला आणि धाकट्याला बरं वाटलं.

मग खरा प्रश्न विचारला. बाई पलंगाच्या पायथ्याशी उभ्या होत्या, टॅब भाऊजींच्या हातात, ताईच्या बोटाखाली. बोट हललं, थांबलं, मागे आलं. भाऊजींनी टॅब वळवून दाखवला. नाहीचा चौकोन उजळलेला होता. अशी गोष्ट दोनदा विचारायची असा बाईंचा नेम, म्हणून त्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा बोट हललं, पुन्हा टॅब वळला, पुन्हा नाही. बाईंनी ताईच्या कपाळावर हात ठेवला आणि कागदावर लिहिलं. ताई रडत होती. बाई म्हणाल्या, रडण्यावरून काही ठरवू नका, तो आजाराचा भाग आहे.

भाऊजी बाहेर आले आणि म्हणाले, "नाही म्हणाली." बाकावर बसून दोघांनी एकमेकांचे हात धरले.

ताईला घरी आणलं. टॅब तिच्या हाताशी होता, आवाज पुन्हा सुरू केला होता, पण आता एकही चौकोन बोलत नव्हता. बोटही गेलं असं सगळ्यांनी धरलं. ते टॅबवर सरकायचं, पडून राहायचं, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं. बायकोने धाकट्याला सांगितलं, नका हो त्यांना सारखं दाब दाब म्हणू. एकोणिसाव्या दिवशी सकाळी श्वास थांबला. तिच्या शब्दाला मान देऊन कुणी नळी घातली नाही. जो भेटायला आला तो म्हणाला, केवढी धीराची बाई. भाऊजी प्रत्येकाला सांगायचे की तिने स्वतः ठरवलं होतं. तेवढ्या एका वाक्याला धरून तो माणूस उभा होता.

दोन महिने गेले असतील. ऑफिसात फर्निचरच्या एका दुकानाची तक्रार आली. टॅबवरून मागणी करणाऱ्या गिऱ्हाइकांना भलत्या रंगाचे सोफे जाताहेत. शेजारच्या टेबलावरची सहकारी बघून बघून दमली, तेव्हा धाकट्याने खणातून टॅब काढला आणि दाबून बघितलं. निळा दाबला, निळा उजळला. मग करड्यावर बोट ठेवलं, पण तेवढ्यात तिने काही विचारलं म्हणून बोट जरा रेंगाळलं. उचललं तेव्हा निळाच उजळलेला होता.

तो हसला. म्हणाला, कुणीतरी नाव विचारलेलं दिसतंय. शोधलं तर तसंच होतं. त्याने नावाची ओळ काढून हाताची घातली, बोट टेकताच रंग गडद होईल आणि उचलताच फिकट होईल असं केलं, लांबलेला स्पर्शही दाबणंच धरला. अर्धा तास लागला. मग नेहमीप्रमाणे तो तिच्या खुर्चीमागे उभा राहून समजावू लागला, की बघ, गिऱ्हाइकाने करडा दाबला, पण उजळलेला राहिला आधीचा निळा, आणि बघणाऱ्याला वाटलं की

तिथे त्याचं वाक्य तुटलं. सहकारिणीने मागे वळून पाहिलं तर तो टेबलाची कड धरून उभा होता. तिने विचारलं, बरं वाटत नाहीये का? तो आपल्या जागेवर गेला.

ताईचं पान अजून तिथेच होतं, कुणी काढलं नव्हतं. त्याने आपण लिहिलेली ती एक ओळ बघितली. मग नोंद उघडली, तारीख शोधली, ती दुपार शोधली. चार वाजून सात मिनिटं, नाही, अर्ध्या सेकंदाहून कमी, स्पर्श मान्य. हा घोडा. चार वाजून नऊ मिनिटं, हो, दोन सेकंद, स्पर्श सोडून दिला. चार वाजून दहा मिनिटं, हो, साडेतीन सेकंद, स्पर्श सोडून दिला.

मायबाप हो, त्या माणसाने त्या दोन ओळी किती वेळा वाचल्या ते विचारू नका. मग त्याने नोंद खाली सरकवली. ती तिथे संपत नव्हती. घरी आणल्यानंतरचे एकोणीस दिवस होते. हो, चार सेकंद. हो, सहा सेकंद. खुडबुड्याला बोलवा, पाच सेकंद. हो. हो. खुडबुड्याला बोलवा. हो. शेवटी शेवटी एकेक स्पर्श अकरा-अकरा सेकंदांचा. सगळे सोडून दिलेले. त्याने मोजले. नुसत्या हो वर एकतीस होते. शेवटचा, ती गेली त्याच्या आदल्या दिवशीच्या संध्याकाळचा. त्या संध्याकाळी तो तिच्या उशाशीच बसला होता.

त्याने देवाचं नाव घेतलं की नाही, मला सांगता येत नाही. घेतलं असेल तर त्याला ओ आली नाही.

पण त्याला एक आठवलं. दवाखान्यात बोलण्याचे उपचार करणाऱ्या ज्या बाई होत्या, त्यांना हे पान आवडलं होतं, आणि त्यांनी ते आणखी दोन पेशंटना दिलं होतं. त्याने आधी ते दुरुस्त केलं. अर्ध्या तासाचं काम, आज दुसऱ्यांदा. या वेळी मोबाइलवर नाही, टॅबवर बोट ठेवून तपासलं, ठेवून ठेवून तपासलं, दहा सेकंद, पंधरा सेकंद, आणि प्रत्येक वेळी चौकोन ओ देत होता. मग त्याने बाईंना फोन केला आणि सांगितलं, पानात चूक होती, आजवर मिळालेली उत्तरं खरी धरू नका, सगळं पुन्हा विचारा. बाई म्हणाल्या, बरं झालं वेळेवर कळलं. तो हो म्हणाला.

संध्याकाळी तो भाऊजींकडे गेला. जिन्यात दोनदा थांबला. सांगावं की सांगू नये, हे त्याचं पायऱ्यांवरही ठरलं नव्हतं. न सांगावं तर एका माणसाची झोप शाबूत राहते. सांगावं तर ताईचं म्हणणं निदान एका माणसापर्यंत पोचतं. भाऊजी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते, बाहीला बाही लावून, ताईने शिकवलेल्या तशा. त्यांनी चहा ठेवला. ऑफिसातली गंमत विचारली. आणि कप हातात आल्यावर धाकट्याच्या तोंडून ते निघूनच गेलं. पानात चूक होती, भाऊजी. उजळलेला तो नाही घोड्याच्या प्रश्नाचा होता. तिचं बोट हो वर होतं.

भाऊजींनी हातातली घडी पूर्ण केली. ती ढिगावर ठेवली. मग खुर्चीवर बसले.

"मला माहीत आहे," ते म्हणाले.

धाकट्याला वाटलं, त्यांना समजलंच नाही. तो पुन्हा सांगायला लागला तेव्हा त्यांनी हात वर केला.

"मी बघितलं होतं रे. टॅब माझ्याच हातात होता. तिचं बोट हो वर टेकलं होतं. दोन्ही वेळा. मी तिच्या बोटाकडेच बघत होतो."

"मग तुम्ही बोलला का नाही?"

"उजळलेला चौकोन नाहीचा होता ना." त्यांनी कप बाजूला सरकवला. "मला वाटलं, बोट कुठेही पडतं तिचं. तिला काय म्हणायचंय ते यंत्राला आतून कळत असेल. तू केलेलं होतंस. या गोष्टीतलं तुला कळतं, मला काय कळतंय, असं वाटलं. मी माझ्या डोळ्यांना खोटं पाडलं."

मग ते अगदी हळू म्हणाले, "आणि तेव्हापासून सगळ्यांना सांगत सुटलोय की तिने ठरवलं. एकदा तरी कुणीतरी म्हणावं ना, की नाही, तसं नव्हतं. कुणी म्हणालंच नाही."

धाकट्याला वाटत होतं की आपण या माणसाच्या पायाखालची फळी काढायला आलोय. फळी कधीच नव्हती. कोण कुणाची क्षमा मागणार? एकाने यंत्र खोटं बनवलं, दुसऱ्याने ते खरं मानलं, आणि दोघांनीही ते तिच्यावरच्या मायेपोटी केलं. शिव्या दिल्या असत्या, भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. तेही झालं नाही. चहावर साय धरली.

थोड्या वेळाने भाऊजींनी विचारलं, "घरी आणल्यावर पुन्हा कधी दाबलं होतं का तिने? काही कळतं का त्यातून?"

धाकट्याने त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून तो म्हणाला, "नाही. त्यानंतर काही नाही."

एकतीस वेळा. ते त्याने गिळलं, आणि ते त्याच्या छातीत तसंच राहिलं. बायकोला नाही सांगितलं, मुलांना नाही सांगितलं. नोंद पुसायला बसला आणि ते जमलं नाही, म्हणून ती तशीच आहे, कुणी न बघता. कामावर जातो, पानं दुरुस्त करतो. कुणाच्या खुर्चीमागे आता उभा राहत नाही.

म्हणून तुम्हाला जवळ बोलावलं. त्या घरात तिचं उत्तर मोठ्याने सांगेल असं आता कुणी नाही. जग अजूनही म्हणतं की ती नाही म्हणाली आणि धीराने गेली. तुम्ही तसं म्हणू नका. एक शिवणकाम करणारी बाई होती, तिला जगायचं होतं, आणि एका बोटाने, होता नव्हता तेवढा जोर लावून, ती शेवटच्या संध्याकाळपर्यंत हो म्हणत होती. तिची एवढी आठवण ठेवा.